धाकटी सुनंदा

शाळेच्या नकाशावर गढवालातली नंदादेवी शोधून तिच्यावर बोट ठेवण्याचा मला मोठा छंद. त्याच बोटाखाली तिची धाकटी बहीण सुनंदा, म्हणजे नंदादेवी पूर्व, दडलेली असे, हे मला पुष्कळ उशिरा कळले!

थोरली ७,८१६ मीटर, धाकटी ७,४३४. १९३६ साली टिलमन व ओडेल थोरलीवर पोचले. १९३९ साली बुयाक व क्लार्नर हे पोलिश गिर्यारोहक धाकटीवर. १९५१ च्या जूनमध्ये दुप्ला आणि विन्य या दोघा फ्रेंचांनी थोरलीवरून धाकटीकडे जाणारी धार ओलांडण्याचा घाट घातला. ते परतलेच नाहीत. त्यांचा माग काढीत तेनसिंग आणि द्युबो सुनंदेच्या माथ्यापर्यंत चढले. हाती काही लागले नाही.

पुढे १९५३ साली तेनसिंग एव्हरेस्टवर पोचले, जगभर जयजयकार झाला. पण सर्वांत अवघड चढाई कोणती, असे कोणी विचारले म्हणजे ते सुनंदेचेच नाव घेत. ती धार अखेर १९७६ साली पार झाली खरी. तथापि मला सुनंदा आठवते, ती हरवलेल्या सोबत्यांना हुडकायला गेलेल्या त्या दोघांमुळे.