ओव्हर द काउंटर समभाग : नवे निर्गमन आणि उलाढाल

शेअर बाजाराच्या मुख्य सूचीबाहेर, दलाल व व्यापारी यांच्यामार्फत परस्पर खरेदी-विक्री होणाऱ्या समभागांना ओव्हर द काउंटर समभाग म्हणतात. कंपनीने नवे समभाग काढले की उलाढाल वाढते, हा समज अर्धाच खरा आहे. उलाढालीला आधार असतो तो विक्रीस खुल्या असलेल्या समभागांचा. प्रवर्तकांना दिलेले, विक्रीबंदी असलेले समभाग भांडवल वाढवतात, पण बाजारात येत नाहीत.

सोलापूरच्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स कंपनीची २०१६ मधील प्राथमिक भागविक्री मुख्य बाजारातली असली, तरी हा फरक तिथे स्पष्ट दिसतो. १८६ रुपये दराने झालेल्या सुमारे ४१० कोटी रुपयांच्या विक्रीत २४० कोटींचे समभाग नवे होते. उरलेले जुन्या भागधारकांनी विकले. कंपनीला पैसा केवळ नव्या समभागांचा मिळाला. खुल्या समभागांत भर मात्र दोहोंनी पडली.

भारतातील प्रयोग

नॅसडॅकच्या धर्तीवर १९९० मध्ये ओव्हर द काउंटर एक्सचेंज ऑफ इंडिया स्थापन झाले व १९९२ मध्ये तेथे व्यवहार सुरू झाले. लहान कंपन्यांना भांडवल उभारता यावे, हा त्याचा हेतू होता. भागविक्रीला प्रायोजक आवश्यक असे आणि खरेदी व विक्री असे दोन्ही भाव देणारा बाजारकर्ताही नेमावा लागे. तरीही उलाढाल क्षीणच राहिली. निर्गमनाच्या वेळी समभाग घेणे सोपे होते. नंतर गिऱ्हाईक शोधणे कठीण, आणि त्याची झळ लहान गुंतवणूकदाराला बसे. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराचे संगणकीय व्यवहार सुरू झाल्यावर या बाजाराचे वेगळेपणही उरले नाही. २०१५ मध्ये त्याची मान्यता संपुष्टात आली. २०१२ पासून सुरू झालेल्या लघु व मध्यम उद्योगांच्या बाजारमंचांवर मात्र किमान तीन वर्षे बाजारकर्ता ठेवणे बंधनकारक आहे.

घसरणीतील वाढ

अमेरिकेतील अल्पमोली समभागांत याच्या उलट प्रकार आढळतो. कर्जदाता आपले कर्ज बाजारभावापेक्षा कमी दराने समभागांत बदलून घेतो व ते लगेच विकतो. भाव पडतो, म्हणून पुढच्या रूपांतरात तेवढ्याच रकमेचे अधिक समभाग मिळतात. येथे उलाढाल फुगते, पण ती मागणीची खूण नसते. जुन्या भागधारकाचा हिस्सा मात्र आक्रसत जातो.

मोजमाप

यामुळे केवळ समभागांच्या संख्येवरून उलाढाल जोखणे फसवे ठरते. एकास एक बोनस दिल्यावर एरवी १,००० समभागांचा होणारा व्यवहार, रुपयांतील मूल्य तेच राहिले तरी, सुमारे २,००० समभागांचा दिसतो. म्हणून व्यवहार झालेल्या समभागांचे खुल्या समभागांशी असलेले प्रमाण आणि व्यवहारांचे मूल्य ही दोन्ही मापे एकत्र पाहिली जातात.