सोलर ड्रायर म्हणजे काय? टोमॅटोचे भाव पडल्यावर तो शेतकऱ्याच्या किती कामाचा?

टोमॅटोचे भाव कोसळले की शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतल्याचे व्हिडिओ व्हायरल होतात. पिकलेला टोमॅटो थांबत नाही, त्यामुळे मिळेल त्या भावाला विकावा लागतो. सोलर ड्रायर शेतकऱ्याला थांबायला वेळ मिळवून देतो.

गच्चीवरच्या वाळवणापेक्षा वेगळं काय?

उघड्यावर वाळणाऱ्या मालावर धूळ आणि माश्या बसतात. अवकाळी पाऊस आला की सगळं भिजतं. ड्रायर म्हणजे पारदर्शक झाकणाची बंद पेटी. ऊन आत शिरतं, काळा पत्रा तापतो, आतली हवा साधारण ५० ते ६० अंशांपर्यंत गरम होते आणि मालातला ओलावा घेऊन झरोक्यातून बाहेर पडते. साध्या ड्रायरला वीज लागत नाही. मालातला ओलावा १० टक्क्यांच्या खाली आला की बुरशी वाढत नाही. मग हवाबंद पिशवीत तो काही महिने टिकतो.

पैशांचं गणित कसं?

टोमॅटोत सुमारे ९४ टक्के पाणी असतं. म्हणजे १० किलो टोमॅटोपासून जेमतेम ६७० ग्रॅम सुका माल मिळतो. टोमॅटो ५ रुपये किलो असेल, तर एक किलो सुक्या मालामागे ७५ रुपयांचा टोमॅटो लागतो. भाव ३० रुपये असेल, तर ४५० रुपयांचा! म्हणून भाव चांगला असताना ताजा माल विकावा आणि पडल्यावर वाळवावा.

पण सुका माल घेणार कोण?

खरा प्रश्न हाच आहे. महाराष्ट्रातल्या एसफोरएस टेक्नॉलॉजीज या कंपनीने त्यावर मार्ग काढला. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत शिकलेल्या तरुणांनी ती सुरू केली. गावातल्या महिला सोलर ड्रायरवर माल वाळवतात, कंपनी तो विकत घेते आणि खाद्यपदार्थ बनवणाऱ्या उद्योगांना पुरवते. या कामासाठी कंपनीला २०२३ मध्ये अर्थशॉट पुरस्कार मिळाला.

ड्रायर घेण्याआधी काय पाहाल?

- सुक्या मालाचा ग्राहक आधी ठरवा.
- ढगाळ दिवसांत वाळवण रखडतं, ते धरूनच नियोजन करा.
- विक्रीसाठी एफएसएसएआयची नोंदणी लागते.
- प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदानाची तरतूद आहे. सध्या अर्ज घेतले जातात का, हे तालुका कृषी कार्यालयात विचारा.