टाळ
टाळ : वारकरी भजन-कीर्तनातील घनवाद्य. काशाच्या किंवा पितळेच्या दोन जाड वाट्या, मधल्या भोकांतून ओवलेल्या दोरीने जोडलेल्या. काठावर काठ आपटून वाजवतात. दोन्ही वाट्यांच्या स्वरांत किंचित फरक असला की नाद लहरत राहतो, आणि टाळाची खरी गोडी त्यातच आहे. वारकरी संत जनाबाईंचे गाव गंगाखेड ज्या परभणी जिल्ह्यात आहे, तेथील बोरीसारख्या गावांतही मृदंगाला लयीचा आधार टाळच देतो. आफ्रिकेत हेच काम जोडघंटा करते. घाना-टोगोतील एवे लोकांचा गांकोगुई म्हणजे एका दांड्यावरच्या लहानमोठ्या दोन लोखंडी घंटा, काठीने वाजवतात. योरुबा लोकांचा आगोगो हा घंटाप्रकार गुलाम आफ्रिकनांबरोबर ब्राझीलला पोहोचला. आज तो सांबा वाद्यवृंदात वाजतो.