न सापडलेले विष : लक्ष्मीबाई कर्वे खटला

१.
विषप्रयोगाच्या खटल्यात दोन प्रश्न असतात : विष कोणते आणि हात कोणाचा. शिकागोच्या १९८२ मधील औषध-हत्याकांडात पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच मिळाले, दुसऱ्याचे आजतागायत नाही. त्याच्या २६ वर्षे आधी पुण्यात नेमके उलट घडले. हात कोणाचा हे न्यायालयांनी ठरवले, फाशीची शिक्षा सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिली. विष मात्र प्रयोगशाळेला कधीच सापडले नाही. विषाविना विषप्रयोग सिद्ध कसा झाला, आणि तो खरोखर सिद्ध झाला का, याविषयी हा #थ्रेड.

२.
सदाशिव पेठेच्या शेजारची शुक्रवार पेठ. तेथे लक्ष्मीबाई कर्वे या विधवा स्त्रीचे घर होते. माहेरचे नाव इंदुमती. १९२२ मध्ये अनंत रामचंद्र कर्वे यांची द्वितीय पत्नी म्हणून त्या या घरात आल्या. १९४५ मध्ये पती वारले. दोन मुलांपैकी एकाचे निधन झाले, दुसरा वेगळा राहू लागला. मागे उरल्या त्या आजारी लक्ष्मीबाई, बँकेतील ठेवी, शेअर्स, दागिने आणि घरातील चीजवस्तू. त्यांना मधुमेह होता, क्षयाचाही उपद्रव होऊन गेला होता.

३.
या घरातील भाडेकरू अनंत चिंतामण लागू व्यवसायाने डॉक्टर. हळूहळू तो लक्ष्मीबाईंचा वैद्यकीय सल्लागार झाला आणि पैशांचे व्यवहारही त्याच्या हाती आले. एकट्या, आजारी स्त्रीला घरातच डॉक्टर मिळणे ही तत्कालीन पुण्यात शेजाऱ्यांनी सुस्कारा सोडावा अशी सोय होती. खटल्याचे मर्म याच सोयीत आहे. औषध देणारा आणि पासबुक सांभाळणारा माणूस एकच होता.

४.
१२ नोव्हेंबर १९५६ ची रात्र. द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात येऊन अवघे बारा दिवस झाले होते. मुंबईतील एका तज्ज्ञाला प्रकृती दाखवायची म्हणून लक्ष्मीबाई लागूसोबत पुण्याहून पॅसेंजर गाडीने निघाल्या. पहाटे पाचच्या सुमारास गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसला पोहोचली, तेव्हा त्या बेशुद्ध होत्या. लागूने त्यांना गोकुळदास तेजपाल, म्हणजेच जी. टी. रुग्णालयात नेले. सकाळी साडेअकराच्या सुमारास त्यांचा मृत्यू झाला. शुद्ध अखेरपर्यंत आली नाही.

५.
रुग्णालयाच्या नोंदवहीत ‘लक्ष्मीबाई कर्वे’ हे नाव कोठेही नव्हते. लागूने रुग्णाचे नाव सांगितले ते ‘इंदुमती’. आडनावही कर्वे नव्हे. चौतीस वर्षे ज्या नावाने पुणे त्यांना ओळखत होते, ते मृत्यूच्या दारात पुसले गेले. गाडीत अचानक बेशुद्धी आली, असे झटके पूर्वीही येत असत, अशी हकीकत त्याने डॉक्टरांना दिली. स्वतःचे नाव व पुण्याचा पत्ता मात्र त्याने लपवला नाही. ही विसंगती लक्षात ठेवावी. ती पुढे दोन्ही बाजूंनी वापरली गेली.

६.
मृत्यूनंतर रुग्णालयाने त्या पत्त्यावर तार केली : देह घेऊन जाण्याची व्यवस्था करा. लागूने उत्तर धाडले की, मृत स्त्रीच्या कोलकात्याच्या भावाला कळवले आहे, तो येऊन देह ताब्यात घेईल. भाऊ आला नाही. येणारही नव्हता, कारण असा भाऊ अस्तित्वातच नव्हता. आपल्या रुग्णाचा, घरमालकिणीचा देह लागूने बेवारस ठेवला.

७.
बेवारस देहाचे काय होते? वैद्यकीय महाविद्यालयांना शरीररचनेच्या अभ्यासासाठी असे देह देण्याची तरतूद कायद्यात होती. लक्ष्मीबाईंचा देहही त्याच वाटेने निघाला होता. त्या वाटेवर तो शेवटपर्यंत गेला असता, तर हा खटला कधीच उभा राहिला नसता. परंतु मानेवरील एका खुणेमुळे शंका आली आणि प्रकरण कोरोनरकडे गेले. संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे हे पद मुंबई शहरात होते. २३ नोव्हेंबरला, म्हणजे मृत्यूनंतर दहा दिवसांनी, शवविच्छेदन झाले.

८.
निष्कर्ष : मानेवरील खूण मृत्यूचे कारण नव्हे. रासायनिक विश्लेषकाच्या तपासणीत कोणतेही विष आढळले नाही. मृत्यू मधुमेही बेशुद्धीने आला असावा असे मत नोंदले गेले आणि देहाची विल्हेवाट लावण्यात आली. वैद्यकीय कागदपत्रांपुरते प्रकरण मिटले. मात्र त्या अनोळखी देहाचे छायाचित्र काढून ठेवलेले होते.

९.
इकडे पुण्यात लक्ष्मीबाई ‘जिवंत’ होत्या. नातेवाइकांना आणि परिचितांना त्यांच्या नावाची पत्रे येऊ लागली. आपण तीर्थयात्रेला निघालो आहोत. पुढे, आपण जोशी नावाच्या गृहस्थाशी विवाह केला असून जयपूरजवळच्या राठोडी या गावी स्थायिक झालो आहोत. शोध घेऊ नये. १९५० च्या दशकातील पुण्यात प्रौढ विधवेचा पुनर्विवाह ही कुजबुजीची गोष्ट होती, आणि पत्रे रचणाऱ्याने त्या कुजबुजीवरच भरवसा ठेवला असावा. लाजेखातर नातलग फार खोलात जाणार नाहीत, हा हिशेब काही काळ बरोबर ठरला.

१०.
दरम्यान लक्ष्मीबाईंच्या सहीच्या कागदांवर त्यांच्या बँकेतून रक्कम निघत होती. शेअर्स हस्तांतरित होत होते, घरातील सामान हलत होते. त्यांची जवळजवळ सर्व मालमत्ता लागूच्या हाती गेली. अखेर राठोडीची कथा न पटलेल्या नातलगांनी व परिचितांनी तक्रारींचा पाठपुरावा केला. चौकशीचा धागा जी. टी. रुग्णालयातील ‘इंदुमती’पर्यंत पोहोचला, छायाचित्रावरून ओळख पटली आणि १९५८ मध्ये लागूला अटक झाली.

११.
पुण्याच्या सत्र न्यायालयाने त्याला फाशीची शिक्षा सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयापुढे ‘अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य’ या नावाने अपील आले. विषप्रयोगाच्या खटल्यात सरकार पक्षाने तीन गोष्टी सिद्ध कराव्यात अशी अपेक्षा असते : मृत्यू विषाने झाला, आरोपीकडे ते विष होते, आणि ते देण्याची संधी त्याला होती. येथे संधी होती, पण विषच नव्हते. मग ते आरोपीकडे होते हे दाखवायचे कसे?

१२.
न्यायालयाने प्रथम नैसर्गिक मृत्यूची शक्यता तपासली. मधुमेही बेशुद्धी सहसा एकाएकी येत नाही. शरीरात इन्सुलिन अपुरे पडले की चरबीचे विघटन होऊन कीटोन द्रव्ये साचतात, श्वासाला विशिष्ट वास येतो, लघवीत ॲसिटोन आढळते. लक्ष्मीबाई घरातून निघताना चालत्या-बोलत्या होत्या. केसपेपरवर ॲसिटोनची नोंद होती खरी, परंतु ती मागाहून घातलेली आहे, असे बहुमताने मानले. वॉर्डात शवविच्छेदनाची सूचना लिहिली गेली होती. तीही खोडण्यात आली आणि ‘मधुमेही बेशुद्धी’ हे निदान कायम झाले. म्हणजे ज्या कागदावर बचाव उभा होता, तो कागदच डळमळीत ठरला.

१३.
१४ डिसेंबर १९५९ रोजी बहुमताचा निकाल न्या. हिदायतुल्ला यांनी लिहिला. त्याचा आशय असा : प्रत्येक विषाचा माग प्रयोगशाळेत लागतोच असे नाही, विशेषतः देह दहा दिवस पडून राहिल्यावर. रासायनिक पुराव्याचा आग्रह धरला, तर सर्वांत जाणकार विषप्रयोगकर्ताच, म्हणजे वैद्यकी शिकलेला माणूस, सुटून जाईल. त्यामुळे मृत्यूआधीचे नियोजन, खोटे नाव, बेवारस सोडलेला देह, कल्पित भाऊ, मृत स्त्रीच्या नावाची पत्रे आणि मालमत्तेचा अपहार या सर्वांचा एकत्र विचार करून विषप्रयोग सिद्ध मानता येतो. अपील फेटाळले गेले.

१४.
पण निकाल एकमताचा नव्हता. न्या. ए. के. सरकार यांनी भिन्न मत नोंदवले. लागूचे वर्तन लोभी आणि कपटी होते हे त्यांनाही मान्य होते. त्यांचा प्रश्न वेगळा होता : मृत्यू नैसर्गिक असेल आणि तो घडल्यावर मालमत्ता लाटण्याची कल्पना सुचली असेल, तरी हेच सर्व वर्तन दिसले नसते का? मृत्यू लपवणे हा चोराचाही स्वार्थ असतो, केवळ खुन्याचा नव्हे. आणि ज्याला बेमालूम खून करायचा आहे, तो रुग्णालयाला स्वतःचा खरा पत्ता कशाला देईल?

१५.
या दोन मतांमधील अंतर लहान भासते, पण त्यावर एका माणसाचा जीव अवलंबून होता. बहुमताने मृत्यूनंतरच्या वर्तनातून मृत्यूचे कारण वाचले. अल्पमताने त्या वर्तनातून फक्त चोरी वाचली. एकच पुरावा, एकच क्रम, दोन वाचने. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा पेच परिचयाचा असावा. नंतरच्या कागदांवरून आधीच्या घटनेचा अर्थ लावणे हे त्याचेही रोजचे काम आहे. फरक इतकाच की त्याच्या निष्कर्षाने कोणी फासावर जात नाही.

१६.
आता शिकागो. २९ सप्टेंबर १९८२ पासून शहरात व उपनगरांत टायलेनॉल या वेदनाशामकाच्या कॅप्सूल घेतलेली सात माणसे दगावली. कॅप्सूलमध्ये पोटॅशियम सायनाइड होते. बाटल्या वेगवेगळ्या कारखान्यांतील होत्या, म्हणजे विष कारखान्यात नव्हे, नंतर कोठेतरी मिसळले गेले होते. बाटल्या विकत वा चोरून न्यायच्या, कॅप्सूल उघडून भरायच्या आणि दुकानाच्या फळीवर परत ठेवायच्या, असा कयास बांधला गेला. कंपनीने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या.

१७.
संशयितांची तऱ्हा पाहण्याजोगी आहे. जेम्स लुईस याने कंपनीला पत्र लिहून हत्या थांबवण्यासाठी १० लाख डॉलर मागितले. खंडणीबद्दल त्याने सुमारे १३ वर्षे तुरुंगवास भोगला. खुनाचा आरोप त्याच्यावर कधीच ठेवला गेला नाही. त्याने तो शेवटपर्यंत नाकारला आणि २०२३ मध्ये तो मरण पावला. दुसरा संशयित रॉजर अर्नोल्ड चौकशीनंतर सुटला. मात्र आपले नाव पोलिसांना कोणी दिले या संतापात त्याने १९८३ मध्ये एका निरपराध माणसाला चुकून गोळी घातली. पुढे त्याचा देह उकरून डीएनए तपासला गेला. तो जुळला नाही. संशयानेच आणखी एक बळी घेतला होता.

१८.
लुईस आणि लागू यांची तुलना येथे उपयोगी ठरते. दोघांनीही दुसऱ्याच्या मृत्यूतून पैसा काढू पाहिला आणि दोघांच्याही हस्ताक्षराने त्यांना गोवले. शिकागोत मृत्यूचा फायदा उठवणे आणि मृत्यू घडवणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या गेल्या. पुण्यात त्या जोडल्या गेल्या. याला सबळ कारणही होते : लुईस घटनास्थळी असल्याचा पुरावा मिळाला नाही, लागू मात्र त्या रात्री लक्ष्मीबाईंसोबत त्याच गाडीत होता.

१९.
त्याच १९८२ च्या जून महिन्यात पुण्यात एका विवाहितेचा मृत्यू झाला. विष सापडले : पोटॅशियम सायनाइड. पतीला फाशीची शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. परंतु १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात त्याला निर्दोष सोडले. विष आरोपीकडे होते हे सिद्ध झाले नव्हते आणि आत्महत्येची शक्यता नाकारता येत नव्हती. परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वे, ज्यांना ‘पंचशील’ म्हटले जाते, ती याच निकालातली. साखळी पूर्ण हवी, आणि निर्दोषत्वाला वाव देणारा प्रत्येक वाजवी पर्याय तिने बंद केलेला हवा.

२०.
विष न सापडता शिक्षा आणि विष सापडूनही मुक्तता, असे हे दोन्ही निकाल एकाच शहरातून गेलेले. ते परस्परविरोधी आहेत असे कायदा मानत नाही. दोन्ही आजही आधार म्हणून वापरले जातात. पण पंचशीलातील ‘प्रत्येक वाजवी पर्याय’ हा निकष हाती घेऊन १९५९ चा निकाल पुन्हा वाचला, की न्या. सरकार यांचा प्रश्न नव्याने जड वाटू लागतो.

२१.
टायलेनॉल प्रकरणानंतर अमेरिकेत १९८३ मध्ये औषधांतील भेसळीविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला आणि उघडल्यास कळेल असे वेष्टन रूढ झाले. आज बाटलीच्या झाकणाखाली दिसणारे सील ही त्याच भीतीची खूण आहे. घरच्या डॉक्टरवरील विश्वासाला असे सील लावता येत नाही. लक्ष्मीबाईंना मृत्यूनंतर आधी दुसरे नाव मिळाले, मग दुसरा नवरा, मग दुसरे गाव. हे सर्व कागदावर आणि सर्व खोटे. राठोडीच्या त्या पत्रांवर विश्वास न ठेवणारी मोजकी माणसे पुण्यात होती, म्हणून त्यांचे खरे नाव निकालपत्रात परत आले. त्या रात्रीच्या गाडीत काय घडले, हे मात्र त्या निकालपत्रातही नाही.