उत्प्रेरकी परिवर्तक, मोटारगाडीतील

अंतर्ज्वलन-एंजिनातून बाहेर पडणाऱ्या निष्कास वायूंतील विषारी घटकांचे निरुपद्रवी वा कमी अपायकारक द्रव्यांत रूपांतर करणारे साधन. व्यवहारात यास कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. मधाच्या पोळ्याप्रमाणे बारीक छिद्रे असलेला मृत्तिकेचा किंवा धातूचा ठोकळा, त्यावर ॲल्युमिनाचा थर आणि त्या थरात प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचे सूक्ष्म कण, अशी त्याची रचना असते. पेट्रोल एंजिनाच्या त्रिमार्गी परिवर्तकात कार्बन मोनॉक्साइड व न जळलेली हायड्रोकार्बने यांचे ऑक्सिडीकरण होते, तर नायट्रोजनाच्या ऑक्साइडांचे क्षपण होऊन नायट्रोजन वायू मिळतो.

इतिहास : अमेरिकेत स्थायिक झालेले फ्रेंच अभियंते यूजीन हूद्री यांनी लॉस अँजेल्सच्या धूरयुक्त धुक्याची कारणे पाहून १९५० च्या सुमारास या साधनावर काम सुरू केले. तथापि पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या शिशाच्या संयुगांमुळे उत्प्रेरक निकामी होत असल्याने त्याचा प्रसार झाला नाही. अमेरिकेने १९७० मध्ये केलेल्या हवाशुद्धी कायद्यामुळे १९७५ च्या मोटारींत परिवर्तक बसविण्यात आले व त्याबरोबर शिसेविरहित पेट्रोलही उपलब्ध झाले. परिवर्तक काढून टाकण्याचा प्रश्नही तेव्हापासूनच उद्भवला. त्याच देशात १९७७ च्या दुरुस्तीने दुरुस्ती करणाऱ्या व्यावसायिकांस व १९९० च्या दुरुस्तीने कोणत्याही व्यक्तीस असे करण्याची मनाई करण्यात आली.

भारतात १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना परिवर्तक सक्तीचा झाला. शिसेविरहित पेट्रोल देशभर मिळू लागले ते १ फेब्रुवारी २००० पासून. वाहनांच्या मान्यता-चाचण्या घेणाऱ्या संस्थांपैकी प्रमुख अशी भारतीय मोटारगाडी संशोधन संस्था (स्थापना १९६६) पुणे येथेच आहे.

बारामती व इंदापूर : या भागाचा मोटार-उद्योगाशी संबंध दोन पिढ्यांचा आहे. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरचे संस्थापक वालचंद हिराचंद यांनीच १९४४ मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या फियाट व पुढे प्रीमियर पद्मिनी या मोटारी मुळात परिवर्तकाशिवाय असत. बारामतीच्या औद्योगिक क्षेत्रात पियाजिओ कंपनीची आपे ही तीनचाकी वाहने तयार होतात. २०१२ मध्ये तेथे व्हेस्पा स्कूटरचेही उत्पादन सुरू झाले. १ एप्रिल २०२० रोजी भारत टप्पा सहा ही मानके लागू झाल्यानंतर अशा लहान वाहनांतही इंधनाचे इलेक्ट्रॉनीय अंतःक्षेपण व परिवर्तक ही नेहमीची साधने ठरली.

तत्पूर्वी मानके ठिकठिकाणी वेगळी होती. २०१० मध्ये भारत टप्पा चार ज्या निवडक शहरांत लागू झाला, त्यांत पुणे व सोलापूर होती. या दोहोंच्या मधल्या ग्रामीण पट्ट्यासाठी त्या वर्षी टप्पा तीनच ठरविलेला होता. पुणे–सोलापूर महामार्गावरील इंदापूर या पट्ट्यात येते. टप्पा तीनच्या पेट्रोलमध्ये गंधकाची कमाल मर्यादा दशलक्ष भागांत १५०, टप्पा चारमध्ये ५० व टप्पा सहामध्ये १० भाग अशी आहे. गंधकामुळे उत्प्रेरकाची क्रियाशीलता मंदावते. टप्पा चार देशभर लागू झाला तो १ एप्रिल २०१७ पासून.

परिवर्तक काढून टाकणे : टर्बोचार्जरमध्ये निष्कास वायूंच्या जोराने लहान टरबाइन फिरते व त्याला जोडलेला संपीडक एंजिनात अधिक हवा भरतो. टरबाइनच्या अलीकडील व पलीकडील दाबांत जितका फरक अधिक, तितके ते जोमाने फिरते. परिवर्तक बहुधा टरबाइनच्या लगेच पुढे असल्याने त्याचा थोडा अडथळा होतो. म्हणून काही मोटारमालक तो काढून त्या जागी साधी नळी बसवितात. केवळ एवढ्याने शक्तीत होणारी वाढ सामान्यतः अल्प असते. ठळक वाढीसाठी नियंत्रक संगणकाची आज्ञावली बदलून हवेचा दाब वाढवावा लागतो. परिवर्तकापुढील ऑक्सिजन संवेदकाला हा बदल जाणवतो व इशारा-दिवा लागतो. तो लागू नये म्हणून संवेदकालाही फसविले जाते. तिन्ही विषारी घटक मग प्रक्रियेविना बाहेर पडतात व आवाजही वाढतो.

कायदा व तपासणी : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल मालकास करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने असा फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलास ५,००० रु. दंड अथवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. प्रदूषण-मानकांचा भंग करणारे वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रु. पर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात.

अंमलबजावणीत मात्र एक त्रुटी राहते. मान्यता-चाचणीत नायट्रोजनाची ऑक्साइडे मोजली जातात. रस्त्यावरील वाहनाच्या नियतकालिक प्रदूषण-तपासणीत ती मोजली जात नाहीत. शिवाय ही तपासणी वाहन उभे असताना, एंजिनावर भार नसताना होते. त्यामुळे परिवर्तक नसल्याने होणारी या वायूंची वाढ प्रमाणपत्रात दिसत नाही. कारखान्यात सक्तीने बसविलेले साधन पुढे जागेवर राहिले की नाही, हे वाहन प्रत्यक्ष खालून पाहिल्याविना निश्चित कळत नाही. बारामतीत उपप्रादेशिक परिवहन कार्यालय असून तेथे नोंदलेल्या वाहनांवर एमएच ४२ हा संकेत असतो. परिवर्तकाचा लाभ मालकाला जाणवत नाही आणि तो काढल्याचे नुकसान रस्त्याकडेच्या दुकानदाराला, पादचाऱ्याला व मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला सोसावे लागते. म्हणूनच या बाबतीत मालकाच्या इच्छेवर न विसंबता कायद्याने सक्ती करण्यात आली.