शाहिराची रात्र : अमर शेख यांचे जाहीर कार्यक्रम आणि सोलापूर परिसरातील श्रोतृवर्ग

प्रस्तावना

लोकशाहिरांविषयीचे मराठीतील लेखन बहुतांशी छापील कवनांवर आधारलेले आहे. पोवाडा, लावणी वा छक्कड यांची संहिता हाती असते, म्हणून तिचा अभ्यास होतो. ज्या रात्री ती मोकळ्या मैदानात गायिली गेली, ती रात्र मात्र इतिहासलेखनाच्या कक्षेबाहेर राहते. प्रस्तुत लेखात शाहीर अमर शेख (१९१६–१९६९) यांच्या जाहीर कार्यक्रमाचा एक सामाजिक घटना म्हणून विचार केला आहे.

सोलापूरची पार्श्वभूमी

सोलापूरचे शाहिरीशी नाते पेशवाईपर्यंत मागे जाते. कवी राम जोशी हे याच नगरीचे. शास्त्री-पुराणिकांच्या घरातील हा तरुण धोंडीबा शाहिराच्या तमाशाच्या नादी लागला आणि थोरल्या बंधूंनी, मुद्गल जोशी यांनी, त्यास घराबाहेर काढले, असे परंपरा सांगते. आख्यायिकेतील तपशील बाजूला ठेवला, तरी तमाशाच्या रात्रीला हजर राहणे ही तत्कालीन समाजव्यवस्थेत निरुपद्रवी करमणूक मानली जात नव्हती, एवढे त्यातून निश्चित दिसते.

१८७७ मध्ये येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि श्रोतृवर्गाचे स्वरूप पालटले. मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू बोलणारे कामगार एका शहरात राहू लागले. मे १९३० मध्ये या शहरावर लष्करी कायदा लादण्यात आला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन व जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी देण्यात आली. अशा शहरात रात्री लोकांनी एकत्र जमणे याला आपोआपच राजकीय अर्थ येत होता.

अमर शेख आणि कार्यक्रमाची घडण

अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म बार्शीचा. आई मुनेरबी यांच्या तोंडच्या ओव्यांनी त्यांचा कान तयार केला. मुसलमान घरातील ही मराठी ओवी पुढे कामगारांच्या सभेत पोहोचली, ही बाब त्यांच्या राजकीय विचारसरणीइतकीच महत्त्वाची आहे. चरित्रपर लेखनात तिला मिळणारे स्थान तुलनेने अल्प वाटते. बार्शीतील गिरणी कामगारांचा संप, विसापूरचा तुरुंग आणि तेथे झालेला साम्यवादी विचारांचा परिचय हे पुढील टप्पे होत. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले.

या पथकाने तमाशाचा साचा स्वीकारला, पण त्याचा आशय बदलला. पारंपरिक तमाशा गणाने सुरू होतो. नंतर गवळण, बतावणी व वग येतात. अण्णा भाऊंनी गणातील गणेशवंदनेच्या जागी मातृभूमीला व हुतात्म्यांना वंदन आणले आणि गवळण वगळली. डफ, तुणतुणे आणि झीलकऱ्यांची साथ मात्र तशीच राहिली. झील हा येथे केवळ सांगीतिक भाग नव्हे. मराठी नीट न समजणाऱ्या श्रोत्यालाही पालुपद उचलता येते, ते त्याच्या तोंडी बसते. बहुभाषिक कामगारवस्तीत या रचनेचे मोल उघड आहे. त्यात अमर शेख यांच्या पहाडी आवाजाची भर पडे. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. संहिता तर छापलेलीही मिळू शकत होती. सरकारला खरी धास्ती प्रयोगाची होती, असे म्हणणे वावगे ठरू नये.

संहिता आणि आवाज

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गाजलेली ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड अण्णा भाऊंची. ती जनमानसात रुजली मुख्यतः अमर शेख यांच्या गळ्यातून. मुंबईत एकटा राहणारा कामगार आणि गावी राहिलेली त्याची पत्नी यांच्या विरहातून बेळगाव, कारवार, निपाणी यांची ताटातूट तीत सूचित होते. मुंबईच्या गिरणगावात हे रूपक थेट भिडणारे होते. सोलापुरात परिस्थिती निराळी होती. येथील पद्मशाली विणकर कुटुंबासह स्थायिक झालेले होते, माग पुष्कळदा घरातच असे. शिवाय अक्कलकोट व दक्षिण सोलापूर भागांत कन्नड ही अनेकांची घरची भाषा. ज्या सीमेसाठी मराठी श्रोता व्याकूळ होत होता, त्या सीमेकडे शेजारी बसलेला कन्नड भाषक कामगार कोणत्या भावनेने पाहत असेल, याचे उत्तर छापील छक्कड देऊ शकत नाही. एकाच संघटनेत असलेल्या या दोघांनी एकच पालुपद म्हटले, तेव्हा त्याचा अर्थ दोघांसाठी एकच असेल असे गृहीत धरता येत नाही.

२९ ऑगस्ट १९६९ रोजी अमर शेख यांचे अपघाती निधन झाले. ‘कलश’ व ‘धरतीमाता’ हे त्यांचे काव्यसंग्रह आज अभ्यासकांसमोर आहेत. मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासनही आहे. मात्र १९५६ मध्ये विशीत असलेला गिरणी कामगार आज नव्वदीच्या घरात आहे. त्या रात्रींच्या आठवणी मराठीबरोबरच तेलुगू व कन्नड बोलणाऱ्या श्रोत्यांकडून, त्यांच्याच भाषेत, ध्वनिमुद्रित करून घेण्यास फार थोडा अवधी उरला आहे.