खुकरीवरचे लेफ्टनंट जैन

मैत्रिणींनो, आपल्या आणे पठारावर प्यायच्या पाण्याची मारामार, आणि आज आम्ही बोलणार आहोत समुद्रावर. तसा जुन्नरचा दर्याशी संबंध जुनाच. सातवाहनांच्या काळी नाणेघाट उतरून माल कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांना जायचा. पुढं आपल्या घराघरातली माणसं त्याच अंगाला, मुंबईला, पोटासाठी गेली. 1971 च्या डिसेंबरात ती मुंबई रात्रीची काळोखात असे. खिडक्यांना काळे कागद, भोंगा वाजला की दिवे बंद. ज्यांनी ते दिवस तिथल्या चाळीत काढले, त्या आजही सांगतात.

4 डिसेंबरला आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदरावर हल्ला केला. तो दिवस नौदल दिन म्हणून साजरा होतो. त्यानंतर पाचच दिवसांनी, 9 डिसेंबरच्या रात्री, जे घडलं त्याची आठवण मात्र मोजक्या घरांत निघते.

दीवच्या नैऋत्येला पाकिस्तानी पाणबुडी असल्याचा सुगावा बिनतारी संदेशांवरून लागला. तिला शोधायला मुंबईहून खुकरी आणि कृपाण या दोन युद्धनौका निघाल्या. पाणबुडीचं नाव हंगोर. फ्रेंच बनावटीची, नव्या धाटणीची. खुकरी इंग्लंडात बांधलेली, 1958 साली नौदलात आलेली. तिचे कप्तान होते महेंद्रनाथ मुल्ला. त्यांच्या सोबत एक तरुण वीज अभियंता अधिकारी होते, लेफ्टनंट व्ही. के. जैन. आजची गोष्ट त्यांची.

पाण्याखालची वस्तू डोळ्यांना दिसत नाही, ती कानानं शोधावी लागते. जहाजातून आवाज सोडायचा आणि तो कशावर आपटून परत येतो ते ऐकायचं. या यंत्राला सोनार म्हणतात. (आपला आळेफाट्यावरचा सोनार नव्हे!) पण समुद्राचं पाणी वरून खालपर्यंत सारखं नसतं. वर ऊन लागून कोमट, खाली गार. या थरांत आवाज वाकतो, भलतीकडे जातो. आपल्या अरबी समुद्रात हा त्रास फार. शिवाय खुकरीचा सोनार जुना होता आणि हंगोरचे कान त्याहून लांबचं ऐकत होते. शिकाऱ्याआधी सावजालाच चाहूल लागावी, असा तो प्रकार.

हा सोनार जास्त लांबचं ऐकेल अशी सुधारणा जैन यांनी मुंबईत, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात काम करताना शोधली होती. तिची चाचणी खुकरीवर चालू होती, म्हणून ते जहाजावर होते. चाचणीसाठी वेग कमी हवा होता. जहाज जोरात चाललं की स्वतःच्याच आवाजात बाहेरचं ऐकू येत नाही. घाट चढणाऱ्या एसटीत शेजारणीचं बोलणं कळतं का? तसंच. खुकरीचा वेग होता सुमारे 12 नॉट, म्हणजे तासाला 22 किलोमीटरच्या आसपास.

रात्री पावणेनऊच्या सुमाराला हंगोरनं पहिला पाणतीर कृपाणवर सोडला. तो फुटला नाही. दुसरा खुकरीला लागला आणि काही मिनिटांतच ती बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. 67 जण वाचले. कप्तान मुल्लांनी आपलं जीवरक्षक जाकीट दुसऱ्याला दिलं आणि ते जहाजाबरोबरच गेले, असं वाचलेल्यांनी सांगितलं. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं, 2000 साली त्यांचं टपाल तिकीटही निघालं. ते व्हायलाच हवं होतं.

लेफ्टनंट जैनही परत आले नाहीत. त्यांचं नाव निघतं ते बहुतेक वेळा दोष देताना. चाचणीपायी वेग कमी ठेवला म्हणून खुकरी सापडली, असं म्हणणारे आहेत. वेग कमी होता हे खरं, आणि कमी वेगाचं जहाज पाणबुडीला सोपं पडतं हेही खरं. पण आम्हाला हा हिशेब अर्धाच वाटतो. जोरात जायचं तर आंधळं व्हायचं, हळू जायचं तर ऐकू येईल पण सापडायची भीती. असा पेच त्या जहाजांपुढं होताच, कारण त्यांचे कान तोकडे होते. जैन नेमकं तेच दुखणं बरं करायला बसले होते. आणि आपल्या यंत्राची परीक्षा त्यांनी किनाऱ्यावर बसून घेतली नाही.

आणखी एक गोष्ट बायकांच्या बाजूनं बोलायची. खुकरी अजून समुद्राच्या तळाशीच आहे. जे तिच्या पोटात राहिले, त्यांच्या घरी काही आलं नाही. ना अग्नी देता आला, ना अस्थी सावडता आल्या. आपल्याकडे दहावं-तेरावं करायला निदान तिथी तरी नक्की असते. इथं तारीख होती, पण डोळ्यांनी पाहिलेलं काही नव्हतं. तिकडून वाचलेली माणसं परत आली म्हटल्यावर आपलंही कुठं तरी लागलं असेल, असं एखादीला कितीतरी वर्षं वाटत राहिलं असेल, तर तिला वेडी कोण म्हणेल?

दीवला समुद्राकाठच्या टेकाडावर खुकरीचं स्मारक आहे, काचेच्या पेटीत जहाजाची छोटी प्रतिकृती. सोमनाथ-द्वारकेच्या यात्रेला आपल्याकडच्या बसगाड्या जातात. सोमनाथाहून दीव फार लांब नाही. नंतर याच नावाची दुसरी खुकरी मुंबईत माझगाव गोदीत बांधली गेली. 1989 ते 2021 अशी तिनं चाकरी केली आणि आता तीही दीवलाच, लोकांना बघायला ठेवली आहे.